'प्रेम झालं', 'प्रेमात पडलो' की 'जीव जडला'?

प्रश्न मुलुंडच्या एका विशीतल्या मुलाचा आहे, कॉलेज माटुंग्याला. मित्र म्हणतात 'मला तिच्याशी प्रेम झालंय', आई म्हणते 'हा प्रेमात पडलाय' आणि आजी म्हणते 'जीव जडलाय पोराचा', तर यातलं बरोबर कुठलं आणि फरक काय?

'तिच्याशी प्रेम झालं' आधी बाजूला करू. हे सरळ हिंदीतून आलंय, 'उससे प्यार हो गया' वरून. मुंबईत ट्रेनमध्ये, नाक्यावर, ऑफिसात दिवसभर हिंदी कानावर पडते, त्यामुळे ते तोंडात येणारच. पण मराठीत मैत्री, लग्न, भांडण 'तिच्याशी' होतं, प्रेम मात्र 'तिच्यावर' असतं, बसतं, जडतं. हा 'वर' सोडू नका, अगदी मनापासून सांगते.

'प्रेमात पडणे' इंग्रजी वळणाचं म्हणून काही जण नाक मुरडतात, मला ते पटत नाही. मोहात पडणे, पेचात पडणे, आजारी पडणे, आपल्या हातात नसलेल्या कितीतरी गोष्टींना आपण 'पडणे'च वापरतो, मग हे उपरं कसं? आणि 'भुरळ पडणे' बघा, तिथे पडते ती भुरळ, माणूस आपला जागेवरच असतो. प्रेमात मात्र तो स्वतः पडतो.

आता आजीचा शब्द. 'माझा जीव तिच्यावर जडला' यात कर्ता मी नाहीच, जीव आहे, मला विचारून काही झालेलं नाही. आणि हेच 'जडणे' आपण सवय जडते, व्यसन जडतं, रोग जडतो असंही म्हणतो, म्हणजे हळूहळू येऊन चिकटणारं आणि सहजी न सुटणारं काहीतरी. बोलून बघा, 'कालच प्रेमात पडला' चालतं, 'कालच जीव जडला' कानाला खटकतं, त्याला दिवस जावे लागतात. शिवाय जीव नातवावर जडतो, गोठ्यातल्या गाईवरही जडतो, तो फक्त प्रेमिकांचा शब्द नाही.

मध्ये संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये लेडीज डब्यात दोन कॉलेजच्या मुली दाराशी उभ्या होत्या. एक चिडवत होती, क्रश आहे ना तुझा? दुसरी म्हणाली, क्रश नाही गं, तो लेक्चरला नसला ना की माझं लक्षच लागत नाही. मला ते फार आवडलं, कारण तिने 'प्रेम' हा शब्द न वापरता नेमकं सांगितलं. क्रश लांबूनही चालतो, आपल्याकडे 'मनात भरणे' आहेच त्याला, पण 'लक्ष लागत नाही' ही पुढची पायरी आहे.

या 'लागणे'ची जोडी तर बघाच. लळा लागतो आणि लळा लावतात, जीव लागतो आणि जीव लावतात. पहिलं आपोआप होतं, दुसरं आपण करतो. विशीत प्रेमात पडणं म्हणजे काय असं मला विचाराल तर ते या दोन क्रियापदांच्या मधलं अंतर आहे, जीव जडला हे कळणं आणि मग तिचा परीक्षेचा ताण, तिच्या घरची कटकट, तिचा नकारसुद्धा समजून घेत जीव लावणं.

म्हणूनच 'पोरगी पटवली' मला अजिबात आवडत नाही. 'आमचं पटतं' यात दोघं आहेत, 'पटवली' मध्ये एकच जण काहीतरी करतोय. 'लाईन मारणे' पण तसंच, ती समोर आहे पण वाक्यात तिला काही कामच नाही.

मोठी माणसं बोलतात ते वेगळंच, 'त्यांचं जमलंय', 'तिचं काहीतरी चालू आहे'. त्यांचं काय जमलंय? नाम गाळलेलंच असतं, चाळीच्या गॅलरीत पाच घरं ऐकत असताना प्रेमाचं नाव कोण घेणार.

तर तिन्हीतलं 'प्रेमात पडलो' आणि 'जीव जडला' दोन्ही बरोबर, पहिलं सुरुवातीचं, दुसरं मुरलेलं. पण तिलाच सांगायचं असेल तर कॉलेजच्या कट्ट्यावर 'माझा जीव जडलाय' नाटकातलं वाटेल. 'मला तू आवडतेस' म्हण, विशीतली मुलं खरोखर तेच म्हणतात. आणि पुढचा शब्द वापरायची वेळ आली तर 'तुझ्यावर', 'तुझ्याशी' नाही.