बोटीच्या ओट्यावर कोणता सिंक: गोल, चौकोनी की डबल बोल?

देवबागच्या एका वाचकाने विचारलं आहे: "कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवण्यासाठी ३२ फुटी फायबरची बोट घेतली. मुद्रा योजनेच्या किशोर गटातून ४ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ११.५ टक्के. एका फेरीला १० माणसं, बोटीवरच मासळीचं जेवण. ओटा ६६ इंच लांब, २२ इंच खोल. स्वयंपाकघरासाठी स्वतःचे ४५,००० बाजूला ठेवलेत. गोल सिंक ३,६००, चौकोनी ७,८०० आणि निथळपट्टीसह डबल बोल १६,५००. मित्र म्हणतो गोल घे, पाणी कमी लागतं. घरच्यांना डबल बोल हवाय. काय करू?"

नमस्कार. चौकोनी घ्या. का, ते सांगतो, कारण किमतीच्या फरकापेक्षा ओट्याची लांबी इथे जास्त बोलते.

आधी डबल बोल. त्याचे जादा ८,७०० रुपये हप्त्यात मोजले तर महिन्याला १९० रुपये. तेवढ्याने कुणी बुडत नाही. पण हा सिंक ४५ इंच लांब आहे. ६६ मधून ४५ गेले की २१ इंच उरतात, आणि दोन बर्नरच्या शेगडीलाच २४-२६ इंच लागतात. म्हणजे सिंक बसेल आणि शेगडी बाहेर राहील. घरच्यांना हे तोंडी सांगू नका. पुठ्ठा ४५ बाय २० चा कापून ओट्यावर ठेवा, शेजारी शेगडी ठेवा आणि त्यांना तिथे उभं करा.

आता गोल की चौकोनी. तुमचा गोल सिंक आतून १६ इंच व्यासाचा, ६ इंच खोल. चौकोनी आतून १६ बाय १४, खोली ८ इंच. काठ धरून दोघेही ओट्याची १८ इंच लांबीच खातात. गोलाच्या चार कोपऱ्यांत मात्र जे त्रिकोण उरतात, त्यांवर नळ आणि साबणाची वडी सोडून काही राहत नाही.

पाण्याचा हिशोब करून बघा. ४ इंच पाणी भरलं तर गोलात साधारण १३ लिटर मावतं, चौकोनीत पावणेपंधरा. फरक दीड लिटरचा. एकदा साबणाचं आणि एकदा खळबळायचं पाणी धरलं तर फेरीमागे ३ लिटर. मित्राचं म्हणणं २० बाय १७ च्या घरगुती सिंकला लागू पडतं, तिथे तेवढ्याच उंचीला २२ लिटर जातात. तुमचं पाणी खरं संपेल ते सोडून ठेवलेल्या नळाने. १२ व्होल्टचा लहान पंप मिनिटाला ४-५ लिटर ओततो, म्हणजे १० मिनिटांत ४०-५० लिटर. म्हणून साध्या चावीऐवजी दाबला की उघडणारा आणि सोडला की बंद होणारा नळ घ्या.

भांड्यांचंही बघा. १२ इंची थाळी दोन्हींत आडवी बसते. १२ इंची कढई कानांसकट १६-१७ इंच भरते. गोल सिंकमध्ये ती तिरकी उभी राहते आणि साबणाचं पाणी ओट्यावर ओघळतं. चौकोनीत कान कोपऱ्यांकडे फिरवले की ती सपाट बसते, कारण कर्ण २१ इंचांचा आहे. दुकानात जाताना कढई सोबत न्या.

शिवाय बोट हलते. संगमाजवळ, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथे, शेजारून स्पीडबोट गेली की ६ इंची गोल भांड्यातलं पाणी वळसा घेत काठावर चढतं. ८ इंच खोलीत ४ इंच पाणी भरलं तर वर ४ इंच मोकळे राहतात. मात्र हल्ली मिळणारे अगदी काटकोनी कोपऱ्यांचे सिंक टाळा. त्या कोपऱ्यात खवले अडकतात आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. कोपरा हाताचं बोट आत फिरेल इतका गोलसर हवा.

सुतार बोटीच्या कुशीला भोक पाडून पाणी थेट खाडीत सोडायला सांगेल. नको. डॉल्फिन दिसला की दहाही माणसं एका बाजूला धावतात आणि बोट कलते. भोक त्याच बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ असेल तर खाडीचं पाणी पाइपातून उलटं सिंकमध्ये येतं. आणि सिंक जितका खोल, तितका त्याचा तळ त्या रेषेच्या जवळ. तेल आणि काटे खाडीत जाऊ नयेत, हे तर आहेच. त्याच पाण्यावर तुमचा धंदा उभा आहे.

त्यापेक्षा सिंकखाली ३५ लिटरचा कॅन बसवा. काठोकाठ भरलेला सिंक २९ लिटरचा, म्हणून २० लिटरचा कॅन चालणार नाही, बूच काढलं की उतू जाईल. ओटा ३४ इंच उंच असेल, तर सिंक आणि कपलिंग (सिंकच्या तळाला पाइप जोडणारा भाग) वजा जाता खाली २१ इंच मिळतात. कॅन घेण्याआधी त्याची उंची मोजा. पट्ट्याने आवळून बांधा आणि प्रत्येक फेरीनंतर जेटीवर हातपंपाने उपसा. भरलेला ३५ किलोचा कॅन हलत्या बोटीतून उचलायच्या भानगडीत पडू नका.

सिंकचा पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, १ मिलिमीटर जाड, आणि ग्रेड बिलावर लिहून घ्या. स्वस्तातला २०२ खाऱ्या हवेत लवकर तांबूस ठिपके धरतो. चुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्ही पत्रे जवळपास सारखेच वागतात. ३०४ सुद्धा रोज गोड्या पाण्याने धुवून पुसावा लागतो. ओटा आयएस ७१० च्या (मरीन प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लायचा असला तरी कापलेली कड उघडी ठेवू नका, एपॉक्सीचे दोन हात द्या. प्लाय तिथूनच फुगतो. सिंकच्या काठाची फट बुजवायचं सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातल्या आम्लाने धातू खराब होतो. न्यूट्रल मागा. सिंकसोबत येणारे क्लॅम्प लोखंडी असतील तर स्टीलचे बदलून घ्या.

खर्चाचा अंदाज असा धरा: सिंक ७,८००, कपलिंग, जाळी व पाइप १,५००, कॅन ९००, सिंकवर झाकणासारखा बसणारा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड ८००, एपॉक्सी आणि सिलिकॉन १,२००, पंप व नळ ५,५००, मजुरी ३,०००. एकूण २०,७००. दुकानदाराचे भाव जीएसटी धरून आहेत की सोडून, ते आधी विचारा. बोर्ड विसरू नका. शेगडी आणि सिंक बसल्यावर कामाला २२ इंच उरतात, सिंकवर बोर्ड टाकला की ४० होतात. डबल बोलची हौस त्यात बरीचशी भागते.

उरले २४,३००. हे खर्चू नका. तुमचा हप्ता सुमारे ८,८०० रुपये आहे आणि जून ते ऑगस्ट बोट किनाऱ्याला असेल. तीन हप्ते म्हणजे २६,४००. फक्त २,१०० कमी पडतात, ते मे महिन्यात टाका. डबल बोल घेतला असता तर १५,६०० उरले असते, म्हणजे दोन हप्तेही पुरे नाहीत. ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा, तिथूनच हप्ता कापू द्या.

बिलं धंद्याच्या नावाने घ्या. बोट चालू होण्याआधी बसवलेला सिंक बोटीच्या किमतीत धरला जातो आणि त्यावर प्राप्तिकरात वर्षाला २० टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर निम्मा.

सिंक हातात आल्याशिवाय ओटा कापू नका, कॅटलॉगचं माप आणि प्रत्यक्ष माप यांत तफावत निघते. बसवून सिलिकॉन सुकलं की कॅनभोवती वर्तमानपत्र अंथरा, १५ लिटर पाणी भरा आणि पर्यटक न घेता संगमापर्यंत एक फेरी मारून या. कागद कोरडा असेल तर पहिली बुकिंग घ्या. ओला झाला असेल तर कपलिंगचा वॉशर काढून पुन्हा बसवा, नुसतं कपलिंग आवळू नका.