पानं हलव, पण जुन्या लिंक तोडू नकोस

डॉक्युमेंटेशनची मांडणी बदलतोयस ना? मग फाइल हलवण्याआधी जुन्या यूआरएलची पूर्ण यादी काढ आणि प्रत्येकासमोर नवा पत्ता लिही. कायमच्या बदलाला ३०१ रीडायरेक्ट दे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पत्त्यावर जाईल. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी असतो. सगळ्यांना होमपेजवर ढकलणं तर नकोच. मध्यरात्री हिंजवडीत सर्व्हर बंद पडल्यावर कुणीतरी जुन्या तिकिटातली (तक्रारीच्या नोंदीतली) लिंक उघडतं, तेव्हा त्याला नेमकं तेच पान हवं असतं.

खरा घोळ लिंकमधल्या हॅशनंतरच्या (#) भागात होतो, जो पानातल्या ठरावीक मथळ्यापाशी नेतो. ब्राउझर तो सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे पानातला मथळा आणि त्यासोबत त्याचा आयडी (हॅशनंतर येणारं नाव) बदलला तर सर्व्हरवरचा रीडायरेक्ट काहीच करू शकत नाही. मथळ्याचे शब्द खुशाल बदल, पण जुना आयडी तिथेच राहू दे.

आणि हो, पुढचे काही आठवडे ४०४चे (‘पान सापडलं नाही’ या एररचे) लॉग रोज बघ.