न दिसणाऱ्या नोंदींतली चूक पकडता यायला हवी

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिजिटल ट्विन (रुग्णाच्या शरीराची संगणकातली प्रतिकृती) आणि फेडरेटेड लर्निंग वापरून आरोग्य संशोधनात काम करायचं आहे. पायथन आणि डीप लर्निंग येतं. आणखी काय शिकू? वैद्यकीय पदवी नसेल तर अडेल का?

उत्तर: पदवीवाचून अडणार नाही. लॅबचा रिपोर्ट वाचता येत नसेल, तर मात्र पदोपदी अडेल.

फेडरेटेड लर्निंगमध्ये रुग्णांच्या नोंदी रुग्णालयातच राहतात. मॉडेल तिथे जाऊन शिकतं, बदललेले वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) तेवढे सर्व्हरकडे येतात आणि त्यांची सरासरी काढली जाते. नोंदी तुझ्या नजरेला पडतच नाहीत. आता समज, एका रुग्णालयाने रक्तातली साखर १२६ लिहिली आणि दुसऱ्याने ७. पहिलं एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरं मिलिमोल प्रति लिटर, साखर तेवढीच. १८ने भागायचं राहिलं तरी प्रोग्राम सुरळीत चालतो, एरर येत नाही, आणि मॉडेल आजाराऐवजी रुग्णालय ओळखायला शिकतं. म्हणून ट्रेनिंगआधी प्रत्येक ठिकाणाहून दर कॉलमचा मध्यक आणि रिकाम्या नोंदींचं प्रमाण मागवायचं. मध्यकात १८ पटींचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. नोंदी एका साच्यात आणणारी एफएचआयआर आणि ओमॉप ही मानकं याच कामासाठी शीक. खरा वेळ इथेच जातो.

सराव घरच्या लॅपटॉपवर होतो. खुला डेटासेट घे, त्याचे ५ भाग कर आणि फ्लॉवर ही फेडरेटेड लर्निंगची लायब्ररी वापर. आधी समान वाटणी कर, मग मुद्दाम विषम: एका भागात बहुतेक आजारी, दुसऱ्यात बहुतेक निरोगी. प्रत्येक फेरीत स्थानिक इपॉक (त्या भागातल्या सगळ्या नोंदींवरून एकदा शिकणं) १ ठेवून बघ, मग १०. विषम वाटणीत इपॉक वाढवले की प्रत्येक मॉडेल आपल्याच दिशेला ओढतं आणि सरासरी बिघडू शकते.

‘नोंदी बाहेर जात नाहीत, म्हणजे गोपनीयता राखली’ हा समज सोडून दे. नुसत्या ग्रेडियंटवरून (वेट्स कसे बदलायचे ते सांगणाऱ्या आकड्यांवरून) मूळ चित्रं पुन्हा उभी करता येतात, हे संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं. म्हणून सिक्युअर अ‍ॅग्रिगेशन (सर्व्हरला एकेकाचे वेट्स न दाखवता फक्त बेरीज देणं) आणि डिफरेन्शियल प्रायव्हसी (मोजका गोंगाट मिसळून एकेक रुग्ण लपवणं) दोन्ही शीक. एप्सिलॉन, म्हणजे माहिती किती गळू शकते त्याची मर्यादा, ८, ३, १ असा उतरवत जा; तो जितका कमी, तितकी गोपनीयता जास्त. अचूकता सहसा आधी घसरते ती दुर्मीळ आजाराच्या रुग्णांसाठी. त्यांचा आकडा वेगळा मांड.

डिजिटल ट्विनसाठी डिफरेन्शियल समीकरणं हवीतच. टाइप १ मधुमेहाचा असा एक सिम्युलेटर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८मध्ये काही प्राणीचाचण्यांना पर्याय म्हणून स्वीकारला, तोही साखर-इन्सुलिनच्या समीकरणांवर उभा आहे. पण रुग्णाच्या नव्या नोंदींनी मॉडेल सतत सुधारत गेलं, तरच त्याला ट्विन म्हणायचं. एकदाच बसवलेलं मॉडेल हे सिम्युलेशनच. दोन्ही विषयांचा सांधा इथे आहे: सर्वांना लागू पडणारे पॅरामीटर फेडरेटेड पद्धतीने शिकायचे आणि एकेका रुग्णाचं कॅलिब्रेशन (मॉडेल त्या रुग्णाशी जुळवणं) त्याच्याच रुग्णालयात करायचं.

इंटर्नशिपच्या अर्जाला सर्टिफिकेटांपेक्षा एक तक्ता जोड: पाचही भागांची अचूकता, एकेकट्याने शिकवल्यावर, एकत्र शिकवल्यावर आणि फेडरेटेड पद्धतीने. सर्वांत वाईट भागाचा आकडा लपवू नकोस. तो का वाईट आला, हे दोन ओळींत लिही.