युरोक भाषा टिकवण्यात कोणत्या ज्येष्ठांचा वाटा मोठा?

माझ्या मते पहिलं नाव आर्ची थॉम्पसन यांचं. युरोक लोक उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीच्या काठी राहतात. तिथेच १९१९ साली जन्मलेले आर्ची आजीजवळ वाढले आणि तिच्याच तोंडून भाषा शिकले. शाळेत सगळा कारभार इंग्रजीत, तरी आजीची बोली त्यांनी सोडली नाही. मार्च २०१३ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी ते गेले. बालपणापासून युरोक बोलत आलेले ते शेवटचे भाषक मानले जातात.

अशा माणसाचं मोल केवढं ते एका उदाहरणावरून कळेल. युरोकमध्ये वस्तूगणिक आकडे बदलतात: माणसं मोजायची तर एक रूप, गोल वस्तूंना दुसरं, लांब सरळ वस्तूंना तिसरं. ते सहज कसं जिभेवर येतं, हे नुसत्या शब्दकोशातून कसं कळणार? त्यासाठी बोलणारा माणूसच समोर हवा.

अर्थात ते एकटे नव्हते. जॉर्जियाना ट्रल, एलीन फिगरोआ यांसारख्या आज्यांनीही आपलं बोलणं मनापासून पुढच्या पिढीच्या हवाली केलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने युरोक ज्येष्ठांची ध्वनिमुद्रणं जपून ठेवली आहेत, आणि त्या भागातल्या काही सरकारी शाळांत आता युरोक शिकवली जाते.