नाळ वर, पिछाडी खाली : ट्रिम टॅबबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बोट १८ फुटांची आहे, मागे एकच आउटबोर्ड (पिछाडीला बाहेरून लावलेलं इंजिन). वेग घ्यायला लागलं की नाळ (बोटीचं पुढचं टोक) इतकी वर जाते की समोरचं पाणीच दिसत नाही. वेग १३ नॉटच्या खाली आला की बोट पुन्हा पाण्यात बसते. इंजिनाची ट्रिम (त्याचा तिरकेपणा) पूर्ण आत घेऊनही फारसा फरक पडत नाही. ट्रिम टॅब (पिछाडीला तळाशी बिजागरीने लावायची, वर-खाली होणारी पाती) लावल्या तर फायदा होईल का? आणि केवढ्या घ्यायच्या?

उत्तर : फायदा होईल, पण ट्रान्समला (पिछाडीच्या उभ्या भिंतीला) भोक पाडण्याआधी एक दिवस वजनासाठी द्या. बॅटरी, जादा इंधनाचे कॅन, बर्फाची पेटी असे जे काही मागे साचले आहे ते पुढे किंवा मध्यावर हलवा, तळात पाणी साचलेले नाही याची खात्री करा आणि मग बोट पुन्हा पळवून बघा. निम्मी तक्रार तिथेच मिटली, तर उरलेल्या निम्म्यासाठी टॅब. पिछाडीत साठलेले वजन टॅबने उचलत राहणे म्हणजे इंजिनावर कायमचा भार.

टॅब नाळेला खाली दाबत नाही, ती पिछाडी उचलते. तळाखालून मागे जाणारे पाणी टॅबच्या पात्यावर आपटून खाली वळते, त्याची प्रतिक्रिया म्हणून ट्रान्सम वर ढकलला जातो आणि नाळ आपोआप खाली येते. त्यामुळे पाणी वाहत नसेल तर टॅब काहीच करत नाही. इंजिनाची ट्रिम प्रोपेलरच्या रेट्याची दिशा बदलते. त्याने नाळ वर-खाली होते, पण एका कुशीवर कललेली बोट सरळ होत नाही. ते काम टॅबच करू शकते, कारण दोन्ही बाजूंच्या टॅब वेगवेगळ्या चालतात.

मापाचा रूढ हिशेब असा : बोटीच्या लांबीच्या दर फुटाला प्रत्येक टॅबची रुंदी एक इंच. म्हणजे तुमच्या बोटीला १८ इंच रुंद टॅब, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढून मागे लांबी ९ इंच. आता जागा मोजा. ट्रान्समच्या तळाशी चाइनपासून चाइनपर्यंत (चाइन म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड) ७२ इंच असतील, तर एका बाजूला ३६. बाहेरून चाइनपासून ४ इंच सोडायचे, आतून इंजिनाच्या मध्यरेषेपासून किमान ८ इंच. उरले २४, म्हणजे १८ इंची टॅब आरामात बसते. जागा कमी पडली तर रुंदी कमी करून १२ इंच लांबीची घेता येते, पण तो दुसरा पर्याय आहे. उचल मुख्यतः बिजागरीजवळ मिळते, म्हणून रुंद पाते लांब पात्यापेक्षा जास्त काम करते.

दोन मापांमध्ये अडलात आणि जागा असेल, तर मोठेच घ्या. मोठी टॅब थोडीशी खाली करून भागते. लहान टॅब पूर्ण खाली करावी लागते आणि तेव्हा ती उचलण्यापेक्षा पाणी अडवण्याचेच काम जास्त करते.

प्रश्न : इलेक्ट्रिक घ्यावी की हायड्रॉलिक? स्प्रिंगसारख्या आपोआप चालणाऱ्याही मिळतात म्हणे.

उत्तर : लहान बोटीला आमची पसंती इलेक्ट्रिक. प्रत्येक टॅबला एक बंद अ‍ॅक्चुएटर, म्हणजे टॅब ढकलणारा-ओढणारा दांडा; आत मोटर आणि स्क्रू, बाहेर फक्त वायर. आत पंप नाही, तेल नाही, नळ्या नाहीत. बिघडला की मात्र तो अ‍ॅक्चुएटर सहसा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हायड्रॉलिकमध्ये मोटर आणि पंप ट्रान्समच्या आत कोरड्या जागी असतात, पाण्यात राहते ते फक्त सिलिंडर. त्यामुळे कायम खाऱ्या पाण्यात नांगरलेल्या बोटीला ती जास्त टिकाऊ वाटते. पण तेलाची पातळी बघणे आणि नळ्यांचे सांधे तपासणे आले.

गॅसच्या सिलिंडरवर आपोआप चालणाऱ्या टॅब १५-१६ फुटांच्या हलक्या बोटीला चालतात. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने त्या वर जातात. बटन नाही, वायर नाही. पण कललेली बोट त्यांच्याने चालत्या चालत्या सरळ करता येत नाही, आणि मागून लाटा येत असताना तुमच्या मनाप्रमाणे त्या वर घेता येत नाहीत. आमच्या मते हा दुसरा तोटा मोठा आहे.

प्रश्न : बसवण्याचं काम स्वतः करायचं आहे. ट्रान्सम फायबरचा, आत प्लायवुड. कुठे चुकण्याची शक्यता जास्त?

उत्तर : दोन ठिकाणी : उंची ठरवताना आणि भोके बुजवताना.

बोट ट्रेलरवर घ्या. एक लांब, सरळ पट्टी तळाला घट्ट टेकवून ट्रान्समच्या मागे फूटभर बाहेर काढा. पाणी ट्रान्सम सोडताना याच रेषेत जाते. बिजागरीची खालची कड तळापेक्षा पाव इंच वर यायला हवी. ती तळाच्या खाली उतरली, तर टॅब पूर्ण वर असतानाही पाणी तिच्या कडेवर आदळत राहते. वेग कमी होतो आणि सुकाणू एका बाजूला ओढते. आता अ‍ॅक्चुएटर पूर्ण आत घेतलेल्या स्थितीत टॅबला जोडा आणि मागची कड पट्टीच्या किंचित वर येईल अशी धरा. नेमके अंतर कंपनीच्या कागदी साच्यावर दिलेले असते. त्या स्थितीत अ‍ॅक्चुएटरचा वरचा ब्रॅकेट जिथे येईल तिथे खूण करा. आधी ब्रॅकेट बसवून नंतर टॅब जुळवायला गेलात तर ती खाली लोंबकळत राहते. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

तळ व्ही आकाराचा असेल तर टॅब जमिनीशी समांतर लावायची नाही. ती आपापल्या बाजूच्या उताराला समांतर, आणि मागून बघताना अ‍ॅक्चुएटर बिजागरीशी काटकोनात. तिरका बसला तर तो अडखळतो आणि सील लवकर जाते. तळावरचा स्ट्रेक (लांबीने जाणारी उठावाची पट्टी) टॅबच्या बरोबर पुढे येऊ देऊ नका. त्याच्यामागे फेसाळ पाणी असते आणि फेसाला उचल नसते. सोनारचा ट्रान्सड्यूसरही टॅबच्या मागे नको. आणि ट्रेलरच्या आधारफळ्या ट्रान्समच्या मागे डोकावत असतील तर टॅब त्यांना लागते का ते खूण करतानाच बघा. बोट पाण्यातून वर घेताना वाकलेली टॅब सरळ करून पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

भोके पाडताना खुणेवर मास्किंग टेप लावा. गेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) पार होईपर्यंत ड्रिल उलटे फिरवा, मग सुलटे, आणि तोंडाला काउंटरसिंकने थोडा उतार द्या. नाहीतर स्क्रू आवळताच भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात. पहिल्या भोकातून येणारा भुसा बोटांवर घेऊन बघा. फिकट, कोरडा, सुटा असेल तर पुढे चला. काळपट, ओला, बोटाला चिकटणारा निघाला तर थांबा. प्लायवुड कुजलेले आहे. आधी ट्रान्समची दुरुस्ती, टॅब नंतर.

प्लाय कोरडे असले तरी तसेच ठेवू नका. प्रत्येक भोक थोडे मोठे पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, पूर्ण कडक झाल्यावर मधोमध पुन्हा योग्य मापाचे भोक पाडा. स्क्रू मग इपॉक्सीत बसतो आणि लाकडाला पाणी शिवत नाही. यात एक दिवस जास्त जातो, पण ट्रान्सम वाचतो. स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच. सीलंट पाण्याखाली चालणारे पॉलियुरेथेन, पण कायमचे चिकटणारे नको, कधीतरी अ‍ॅक्चुएटर काढावा लागणार आहे. सिलिकॉन इथे वापरू नका. सीलंट भोकात, स्क्रूच्या मानेवर आणि ब्रॅकेटच्या मागे लावा. आवळल्यावर ते चारही कडांनी सारखे बाहेर आले पाहिजे. जिथे आले नाही तिथे पोकळी आहे असे समजून काढून परत लावा.

वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, सांध्यांवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). कंपनीने सांगितलेल्या मापाचा फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत.

प्रश्न : डावं बटन दाबलं की उजवी टॅब खाली जाते. वायर उलट्या जोडल्या गेल्या का?

उत्तर : नाही, बहुतेक बरोबरच जोडल्या आहेत. बटनावरची खूण टॅबची नाही, नाळेची असते. उजवी टॅब खाली गेली की उजवी पिछाडी उचलली जाते आणि नाळेची डावी बाजू खाली येते. लक्षात ठेवायला सोपे : जी बाजू वर आहे, त्या बाजूचे बटन 'नाळ खाली'कडे दाबा. क्षणभर दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पुन्हा. धरून ठेवले तर बोट प्रतिसाद देईपर्यंत टॅब गरजेपेक्षा खूप खाली गेलेली असते, आणि मग तुम्ही उलट बाजूला दुरुस्ती करत बसता. बाजूने वारा असताना खोल व्ही तळाची बोट वारा येतो त्याच बाजूला झुकते, कारण तुम्ही सुकाणू वाऱ्यात धरून ठेवलेले असते. हे नेहमीचेच आहे.

प्रश्न : टॅब लावल्यापासून समोरच्या लाटेत बोट छान चालते, पण परतताना मागून लाटा आल्या की एकदम आडवी वळायला बघते.

उत्तर : परतताना टॅब खालीच राहिल्या आहेत. समोरच्या लाटेत नाळ खाली असली की तिची धार पाणी कापते, म्हणून आपटणे कमी होते. मागच्या लाटेत तीच खाली असलेली नाळ पुढच्या लाटेत रुतते, पिछाडी हलकी होऊन पुढे निघू बघते आणि बोट आडवी होते. ही उलटण्याची सुरुवात आहे. मागून लाटा असताना, खाडीच्या तोंडातून आत येताना टॅब पूर्ण वर, हे पक्के करा. बोट रिव्हर्स घेण्याआधीही पूर्ण वर. मागे जाताना खाली असलेल्या पात्यावर सगळा जोर उलटा येतो आणि अ‍ॅक्चुएटरचा दांडा वाकतो. इंजिन बंद करताच टॅब आपोआप वर घेणारा कंट्रोल मिळतो. नवीन घेत असाल तर तोच घ्या.

प्रश्न : एक टॅब चालते, दुसरी मधूनच अडकते. अ‍ॅक्चुएटर बदलावा का?

उत्तर : इलेक्ट्रिक असेल तर आधी ट्रान्समच्या आत दोन्ही अ‍ॅक्चुएटरचे प्लग अदलाबदल करून बघा. बिघाड त्याच टॅबवर राहिला तर अ‍ॅक्चुएटर, दुसऱ्या टॅबकडे गेला तर वायर, कंट्रोल बॉक्स किंवा बटन. प्लग उघडल्यावर पिनांवर हिरवट पूड दिसली तर बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

पण त्याही आधी टॅबच्या वरच्या बाजूला, बिजागरीत आणि दांड्यावर हात फिरवा. बोट नांगरून ठेवताना टॅब खाली राहिली, तर बाहेर आलेल्या दांड्यावर शिंपले चढतात, आणि दांडा आत ओढला की तेच शिंपले सील कापतात. ते प्लास्टिकच्या पट्टीने काढा, पत्र्याच्या किंवा सुरीच्या धारेने नाही. बोट कायम खाऱ्या पाण्यात असेल तर प्रत्येक टॅबवर जस्ताचा एक अ‍ॅनोड (टॅबऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) असावा, उघड्या धातूला टेकलेला, रंग न लावलेला. निम्मा झिजला की बदला.