दाराजवळची भिंत पाडून हॉल मोठा करावा का?

पाडू नका.

टू बीएचके आहे, दाराशी ४ बाय ५ फुटांची जागा 'वाया जातेय' आणि इंटिरिअरवाला भिंत काढा म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. 'वाया' वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या दादाचाही हाच शब्द होता.

आमचा वाडा सदाशिव पेठेत. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून, वाकून आत आलं की देवडी, म्हणजे दाराच्या आतली छोटी जागा, दोन्ही अंगांना ओटे. शनिवारवाड्यात दिल्ली दरवाज्याच्या आत अशा देवड्यांत पहारेकरी बसायचे. आमच्या ओट्यांवर दळणाचे डबे आणि भाडेकरूंच्या सायकली टेकवलेल्या. आलेला माणूस तिथूनच हाक द्यायचा, "आहे का कुणी घरात?" तो चौक ओलांडून ओसरीवर येईपर्यंत आईचा पदर सारखा झालेला असायचा.

पुढे वाडा पाडून इमारत झाली. आर्किटेक्टने दाराशी आडोसा ठेवला होता, चार इंची विटांची भिंत. ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच दादाने ती पाडली. २० चौरस फूट कमावले म्हणे! आता दार उघडलं की कुरिअरवाल्याला आमचं देवघर, जेवणाचं टेबल आणि टेबलावरची उष्टी ताटं एका नजरेत दिसतात. आई दुपारी हॉलमधल्या दिवाणावर पडायची. बेल वाजली की धडपडून उठायची, आधी पदर, मग चष्मा. सहा महिन्यांनी तिने दिवाण आतल्या खोलीत हलवायला लावला. दादा म्हणतो, तिला हॉलमध्ये उकडायचं. पंखा तोच आहे.

तेव्हा तुमची जागा राहू द्या. चपलांचं उथळ कपाट, बूट घालायला टेकता येईल असं स्टूल, ओल्या छत्रीला खुंटी. एवढं मावतं.

हां, घरात व्हीलचेअर असेल तर गोष्ट वेगळी, तिला वळायला पाच फूट तरी लागतात. आणि नव्या इमारतींत बरेचदा भिंती काँक्रीटच्या, भार घेणाऱ्या असतात. तशी असेल तर प्रश्नच मिटला. विटांची असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणि सोसायटीला विचारल्याशिवाय हातोडा लावू नका. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

भिंतीऐवजी पडदा लावा, असं कुणीतरी सुचवेलच. आम्हीही लावला होता. वहिनीने मागच्या दिवाळीत धुवायला काढला, तो अजून वाळतोय.