फ्रान्समध्ये एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांचा (कंट्रोलरांचा) संप असताना विमान रद्द झालं, तर कंपनीकडून काही मिळतं का?

नुकसानभरपाई विचारत असाल तर नाही. २५०, ४०० किंवा ६०० युरोंची ती ठरलेली रक्कम कंट्रोलरांच्या संपात मिळत नाही, कारण कंट्रोलर हे विमान कंपनीचे नोकर नव्हेत. (कंपनीच्याच वैमानिकांचा संप असेल तर सहसा मिळते.)

पण भरपाई नाही म्हणजे काहीच नाही, हे काउंटरवरचं जुनं पालुपद आहे आणि आपली माणसं ते ऐकून निमूट परत फिरतात. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार कंपनीला तुम्हाला मुक्कामी पोचवावंच लागतं. तोवर जेवण, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवर जायची-यायची गाडीही तिच्याकडेच. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे विमानं बंद पडली, तेव्हाही ही जबाबदारी सुटत नव्हती, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. ज्वालामुखीची सबब चालली नाही, तिथे संपाची काय चालणार?

म्हणून अ‍ॅपवर समोर येणारं रिफंडचं बटण घाईने दाबू नका. रिफंड घेतलात की कंपनी मोकळी, पर्यायी विमानही गेलं आणि हॉटेलही.

‘काहीतरी बघा ना’ असं म्हणून काम होत नाही. कुठल्या विमानात जागा आहे ते आधी स्वतः शोधा आणि क्रमांक सांगून मागा, दुसऱ्या कंपनीचं असलं तरी. फक्त ते फ्रान्सच्या आकाशातून जाणारं नको. बार्सिलोना-लंडन विमान फ्रान्समध्ये उतरत नाही, पण बोर्डो किंवा ब्रेस्टचं नियंत्रण केंद्र संपावर असलं की तेही रखडतं. पॅरिसहून मुंबईला यायचं असेल तर रेल्वेने फ्रँकफर्ट गाठा, साधारण चार तास, आणि तिथून निघा.

कपात आधी जाहीर होते. ३ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये २५ टक्के आणि ४ जुलैला ४० टक्के उड्डाणं कमी करायला सांगितलं होतं. उरलेल्यांपैकी पहाटेचं पहिलं घ्या. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं, सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

कंपनीने जेवणाचं-हॉटेलचं कूपन दिलं नाही तर स्वतः खर्च करा, पण बेताचा. तपशीलवार बिल हवं, नुसती कार्डाची चिठ्ठी नको. दारूचे पैसे विसरा.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) संपत आला असेल तर तो संपायच्या आत मुदतवाढ मागा. अडकण्याचं कारण तुमच्या हाताबाहेरचं आहे हे पटवता आलं तर ती फुकट मिळते, त्यासाठी विमान रद्द झाल्याचं लेखी घ्या.

हो, एक राहिलं. हा २६१/२००४ नियम युरोपीय संघातून निघताना सगळ्या कंपन्यांना लागू, भारतातून तिकडे जाताना फक्त तिथल्या कंपन्यांना. आणि स्वस्त पडतात म्हणून मुंबई-पॅरिस वेगळं, पॅरिस-लिस्बन वेगळं अशी दोन तिकिटं काढली असतील, तर पहिलं रद्द झाल्यावर दुसरी कंपनी ‘नो शो’ (प्रवासी आलाच नाही) लावून मोकळी होते. तिथे भांडायला जागा नाही.